बकरीवर फेकलेला सहावा करडा

माझ्या हातून झालेल्या चुका मोजायला बसलो तर रिसोडची एखादी एसटी सहज निघून जाईल. एका पत्रिकेत मी नवरीच्या जागी नवरदेवाच्या आत्याचा फोटो छापला आहे. एका फ्लेक्सवर ज्याचा वाढदिवस होता त्यालाच खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून हात जोडून उभा केला आहे. पण अशा चुकांचं एक बरं असतं, त्या पुन्हा छापता येतात. रिठदच्या पुढे एका वस्तीवर मी जे करून बसलो ते पुन्हा छापता येण्यातलं नव्हतं.

आधी हे सांगायला हवं की करडा रंग हा माझा मिरवायचा विषय. पुण्याला डिझाईन शिकून मी रिसोडात छपाईचं दुकान टाकलं तेव्हा बाजारात लाल, पिवळा आणि त्याहून पिवळा असे तीनच रंग चालत. करडा मी आणला. कॉम्प्युटरमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दोनशे छप्पन्न पायऱ्या असतात, आणि मी स्वतःला त्या दोनशे छप्पन्न घरांच्या गावचा पाटील समजत असे. शेलूबाजारच्या एका कापडवाल्या शेठजींचा बोर्ड मी चार करड्यांत केला. मागे एक करडा, त्यावर दुसऱ्या करड्याची अक्षरं, अक्षरांना तिसऱ्याची सावली, भोवती चौथ्याची चौकट. कॉम्प्युटरवर तो इतका देखणा दिसे की मी कामाशिवायही उघडून बघत बसे. बोर्ड चढला. शेठजी रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले, आणि मला प्रेमानं म्हणाले, “पत्रा तर भारी लावला. नाव कधी लिहिता?”

त्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ नातीच्या लग्नाची पत्रिका छापायला दुकानात आले. ते घोंगडी विणतात. घरी दोन-चार डझन मेंढ्या, ओसरीत माग. खांद्यावरची घोंगडी त्यांनी काउंटरवर ठेवली आणि पत्रिकांचे नमुने बघू लागले. मी घोंगडी बघू लागलो. तिचं एक टोक जवळजवळ पांढरं होतं, दुसरं काळं. मधे रंग कुठे बदलत होता ते मला सापडेना. बोट फिरवत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलो. निघालो तेव्हा उजाडलेलं होतं, पोचलो तेव्हा अंधार होता, आणि वाटेत संध्याकाळ कधी झाली ते कळलं नाही.

“चार रंग वापरले का बाबा?” मी विचारलं.

“नऊ.”

“मी मोजले ना.”

“मंग पुन्हा मोजा,” ते म्हणाले. “आमच्या बुढीचं काम हाये थे. लोकर थे निवडते, मी निस्ता विनतो.”

त्यांच्या घरात रीत अशी की लग्नात नवरा-नवरीनं बसायचं ते नवरीच्या आजीनं निवडलेल्या लोकरीच्या घोंगडीवर. आणि त्या निवडीचा एकच नियम: रंग बदललेला दिसावा, पण कुठे बदलला ते दिसू नये. मधे रेघ दिसली तर त्या घोंगडीवर पोरीला बसवत नाहीत. नात एकच होती. लग्नाला दीड महिना होता. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू. उजव्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डाव्याचं लग्नानंतर होणार होतं.

हे ऐकून मला त्या बाईंना भेटायची घाई झाली. पत्रिकेचा कच्चा नमुना दाखवायचं निमित्त काढून पुढच्या रविवारी मी जीपनं रिठद आणि तिथून चालत वस्ती गाठली. बाबा मेंढ्यांमागे गेले होते, आजी पाण्याला. ओट्यावर तरटाचं पोतं अंथरलं होतं, त्यावर लोकरीचे नऊ छोटे ढीग एका ओळीत, आणि प्रत्येक ढिगावर एक दगड. वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवले असतील, असं मी मनाशी म्हटलं.

तेवढ्यात एक बकरी ओट्यावर चढली. ती सरळ लोकरीकडे निघाली. मी तिला हुसकावलं, ती थांबली आणि माझ्याकडे बघत पुन्हा निघाली. हाताशी जे होतं ते मी फेकलं. हाताशी होते ढिगांवरचे दगड. एक फेकला, चुकला. दुसरा फेकला, तोही चुकला, पण आवाजानं बकरी पळाली. ती परत येणार हे तिच्या चालण्यात दिसत होतं. मग मला शहाणपण सुचलं. कोपऱ्यात तीन टोपल्या होत्या. मी सगळी लोकर उचलून नीट वर्गवारी करून ठेवली: उजळ, मध्यम, गडद. उरलेल्या सात दगडांची ओट्याच्या कडेला सुरेख रांग लावली. हे करताना माझ्या डोक्यात एक वाक्यही तयार झालं होतं, ‘आजी, तुमचं काम सोपं करून ठेवलं.’

सुदैवानं ते वाक्य मी बोललो नाही. आजी डोक्यावर हंडा घेऊन आल्या, हंडा उतरवला, पोत्याकडे पाहिलं, टोपल्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“तू पत्रिकेवाला?”

“हो.”

“दगड दोन कमी हायेत.”

“बकरीले मारले.”

“लागले काय तिले?”

“नाही.”

“म्हंजे नेमबी नाई तुह्याजवळ.” त्या ओट्यावर बसल्या. टोपलीतून लोकरीची एक बट उचलली, परत टाकली. “तीन महिने लागले बापू ह्याले. ऑपरेशनच्या आंधी लावले होते, मंग नवा डोया आला तवा पुन्हा लावले. सव्वा महिन्यानं लगन हाये.”

मग त्यांनी सांगितलं की ते दगड वजन म्हणून नव्हतेच. पैनगंगेच्या पात्रातून एकेक वेचून आणलेले होते. लोकर धुळीनं मळते, उन्हानं विटते, हाताच्या तेलानं काळवंडते; दगड बदलत नाही. प्रत्येक ढिगाचा रंग त्याच्या दगडाशी जुळवलेला होता. मी पाच वर्षं रंगांच्या नमुन्यांची छापील शेडकार्डं विकत घेत होतो, दर वर्षी त्यांचे रंग उडत होते म्हणून कंपनीला शिव्या देत होतो, आणि इथे एका बाईनं नदीचं शेडकार्ड केलं होतं. ते मी बकरीवर फेकलं.

एक दगड गोठ्याजवळ सापडला. तो आठवा होता. दुसरा सहावा. तो शेजारच्या नांगरलेल्या शेतात गेला होता. आता वऱ्हाडातल्या काळ्या शेतात, जिथे पावलापावलाला तसलेच दगड, एक करडा दगड शोधायचा म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी दुपारपर्यंत ओंजळी भरभरून दगड आणत राहिलो. आजी हातात न घेताच, बसल्या जागेवरून निकाल देत होत्या. “हा नाई. हा पाचव्याचा भाऊ. हा लय निळा. हा तर माह्या चुलीचाच हाये, तू कुठून उचलला?” तो मी खरंच चुलीजवळून उचलला होता. चाळीसेक दगड झाल्यावर मी थांबलो. मला ते चाळीसही दगड एकसारखे दिसत होते. त्यांना त्यांतले कोणतेही दोन सारखे दिसत नव्हते.

संध्याकाळी बाबा आले. त्यांना सगळं कळलं. मला वाटलं आता ते पत्रिकेचं काम काढून घेतील. ते नुसतं म्हणाले, “बुढे, मंग कसं?”

“कसं काय? ज्यानं मिसयली थो निवडीन,” आजी म्हणाल्या. “रोज सकायी येत जा. ऊन वट्यावर याच्या आंधी.”

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी पहिल्या जीपनं जाऊ लागलो. ऊन ओट्यावर यायच्या आत का, ते पहिल्याच दिवशी कळलं. उन्हात लोकर चमकते आणि चमक सगळ्या करड्यांना एकाच माळेत ओवते. सावलीत, मोकळ्या आभाळाच्या थंड उजेडात ते वेगळे होतात. पण वेगळे आजींना होत होते, मला नाही. त्यांनी मला एक बट दिली, मी ती तिसऱ्या दगडाजवळ ठेवली. थोड्या वेळानं आणखी एक दिली, ती मी पाचव्याजवळ ठेवली. त्या हसल्या. तीच बट त्यांनी मला दोनदा दिली होती.

मग मी माझ्या विद्येचा आधार घेतला. मोबाईलवर फोटो काढून रंगाचा आकडा सांगणारं एक अॅप माझ्याकडे होतं. एका बटीचा फोटो काढला, आकडा आला. खात्रीसाठी पुन्हा काढला, दुसरा आकडा आला. तिसऱ्यांदा आणखी तिसरा. शेजारी पांढरी बट असली की मोबाईल घाबरून सगळं काळं करायचा, काळी असली की सगळं उजळायचा.

“तुह्या मोबाईललेबी मोतिबिंदू झाला काय?” आजींनी विचारलं.

मी मोबाईल खिशात ठेवला. त्या म्हणाल्या, “एकटक पाहू नको. डोया बसते त्याच्यात. त्या निंबाकडे पाह्य, हिरवं पाहून घे, मंग इकडे पाह्य. निस्ती नजर टाक, अन् पयला जो दिसन थोच खरा.”

मी निंबाकडे पाहिलं, लोकरीकडे पाहिलं. निंब, लोकर. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, नक्की आठवत नाही, निंबाकडून मान वळवली आणि समोरच्या दोन बटींमधली एक किंचित तांबूस होती. किंचित म्हणजे, कुणी खोलीतून नुकतंच उठून गेल्यावर खोली जितकी बदलते तितकी. मी डोळे मिटले, उघडले, ती होतीच. दोनशे छप्पन्न घरांचा पाटील मी, पण सगळी घरं एकाच गल्लीत मोजत होतो. काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारी एकच गल्ली. आणि इथे कळत होतं की या गावाला आडव्या गल्ल्याही आहेत: तांबूस करडा, निळसर करडा, हिरवट करडा, आणि सगळे सारखेच उजळ.

“दिसलं ना?” आजी म्हणाल्या. माझा चेहरा त्यांना दिसला असावा.

त्यांची नावंही होती. तिसरा म्हणजे वाळलेल्या पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या काड्यांचा. चौथा पारवा. सातवा पाऊस पडून गेलेल्या सडकेचा. सहाव्याला मात्र नाव नव्हतं. “थो मधातला,” एवढंच म्हणायच्या. तांबूस बटी त्याच्या अलीकडे, पांढऱ्याच्या बाजूला, आणि निळसर पलीकडे लावायला लावायच्या; का ते सांगत नसत.

पण खरी गंमत त्यांच्या डोळ्यांत होती. निवडताना त्या आधी एक डोळा मिटायच्या, मग दुसरा. मला वाटलं नव्या डोळ्याला त्रास होतो. एकदा विचारलं तर म्हणाल्या, “जुन्या डोयानं सारं गुयाच्या पान्यातून पायल्यावानी दिसते. नव्यानं पांढरं इतकं पांढरं दिसते का भेव वाटते. याच्यानं हे दोन रंग एक दिसतात, त्याच्यानं दोन. आता कोनाचं ऐकावं?”

“कोनाचं ऐकता?”

“दोघाइचं. दोन्हीनं येगये दिसले तरच येगये.” मग म्हणाल्या, “मांडवात म्हाताऱ्याबी असतीन, पोरीबी असतीन. साऱ्याइले दिसाले पाह्यजे ना.”

पाहणाऱ्याचा विचार करा, असं आम्हाला कॉलेजात दर तासाला सांगत. एक डोळा म्हाताऱ्यांचा आणि एक तरुणांचा घेऊन कुणी बसलेलं मी प्रथमच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून पिवळ्या जिलेटीन कागदाचा तुकडा नेला. तो एका डोळ्यापुढे धरला की सगळं त्यांच्या डाव्या डोळ्यासारखं दिसायचं, निदान तसं मला वाटायचं. मग आम्ही दोघं समोरासमोर बसून आळीपाळीनं एकेक डोळा मिटत निवडू लागलो. बाबा मेंढ्या सोडायला निघाले होते, ते दारात थबकले.

“काय चालू हाये हे? डोये मारून राह्यले का एकमेकाले?”

“तुमी चाला ना आपल्या मेंढ्याइकडे,” आजी म्हणाल्या. “लय दिवसानं कोनी मारून राह्यलं तर पाहावत नाई.”

बारा दिवसांत आठ ढीग पुन्हा उभे राहिले. सहावा राहिला. तो दोन म्हाताऱ्या मेंढ्यांच्या लोकरीचा होता, आणि माझ्या मध्यम टोपलीत तो इतका विखुरला होता की हाताच्या मुठीएवढाच परत मिळाला. त्या मेंढ्यांची पुढची कातरणी लग्नानंतर होती. आजींनी पाचवा आणि सातवा ढीग शेजारी ठेवून मला लांब उभं केलं. काही शिकवायची गरज नव्हती. मधे रेघ होती, सरळ, काळ्या पाटीवरच्या खडूसारखी.

“पायरी झाली,” आजी म्हणाल्या. “नातीले पायरीवर बसवू काय?”

मी म्हटलं पाचवी आणि सातवी लोकर निम्मी निम्मी मिसळून पिंजू. मला ते अगदी उघड वाटत होतं. त्यांनी वाद न घालता मूठभर पिंजून दाखवली. जे आलं ते दोघांच्या मधलं नव्हतं. दोघांपेक्षा मळकं होतं. चहात राख पडावी तसं. आजी उठून आत गेल्या आणि त्या दिवशी बाहेर आल्याच नाहीत. मी ओट्यावर एकटा बसून राहिलो. इतका लाजलो होतो की बकरी आली तेव्हा तिला हाकललंही नाही.

तोड काढली बाबांनी, आणि तीही कुरकुरत. दोन दिवसांनी ते मागावरून म्हणाले, “पिंजता कायले? सूत येगयं काता. मी एक धागा पाचवा टाकतो, एक सातवा. एक पाचवा, एक सातवा. डोयानंच मिसयावं थे.”

आजींनी हातातली बट खाली ठेवली. मग म्हणाल्या, “पन्नास वर्सं निस्ता विनतो म्हनत होते.”

वस्तीवरच्या बायकांनी मिळून सूत कातलं. बाबांनी विणलं. पट्ट्यामागून पट्टा चढताना मी मागाजवळ बसून असायचो, आणि सहाव्या पट्ट्याच्या वेळी तर माझं तोंड घोंगडीपासून वीतभर अंतरावर होतं. तिथून काहीच दिसत नव्हतं. एक उजळ धागा, एक गडद धागा. रवळीतल्या गव्हाचा दाणा न दाणा सुटा दिसावा तसं. मला खात्री झाली की हे फसलं.

लग्नाच्या चार दिवस आधी घोंगडी धुतली. ओली घोंगडी बाजेवर टाकली तेव्हा ती टोकापासून टोकापर्यंत एकच काळी होती. नऊ रंग, तीन महिने, माझे बारा दिवस, सगळं त्या काळ्यात बुडालं. आम्ही तिघं ओट्यावर बसलो. वारा होता. आधी पांढरं टोक वर आलं. मग दुसरा, मग पऱ्हाट्यांचा, मग पारवा. एकेक रंग असा वर येत होता जसा कुणी खालून हाक मारून उठवत असावं. पाचवा आला. आणि त्याला लागून, पाचवा नसलेला आणि सातवाही नसलेला एक रंग आला.

मी उठून जवळ गेलो. रंग नव्हता, नुसते दोन प्रकारचे धागे. मागे आलो, रंग होता. पुन्हा गेलो, नव्हता. ज्या रंगाची घोंगडीत एक काडी लोकर नव्हती तो ओट्यावरून डोळ्यांना दिसत होता. मी किती फेऱ्या मारल्या देव जाणे. शेवटी बाबा म्हणाले, “कवायत झाली असंन तर चहा घ्या.”

“आलं ना आजी?” मी विचारलं.

“आता काय सांगू? अजून भंडारा कुठी पडला?”

त्याचा अर्थ मला मांडवात कळला. घोंगडी अंथरली, आणि घरातल्या मोठ्या माणसांनी तिच्यावर मुठीमुठीनं हळदीचा भंडारा उधळला. पिवळं पडताच घोंगडी बदलली. पिवळ्याशेजारी करडा निळसर दिसतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, गुणही मिळवले होते. प्रत्यक्षात ते असं होतं की घोंगडीवर आभाळ उतरलं. नऊच्या नऊ करडे एकदम निळे झाले, प्रत्येक आपापल्यापुरता निळा, आणि मांडवातला गलका क्षणभर थांबल्यासारखा मला वाटला. बहुधा मीच ऐकायचा थांबलो होतो. आजींनी ओट्यावर तांबूस बटी सहाव्याच्या अलीकडे आणि निळसर पलीकडे का लावायला लावल्या होत्या ते तेव्हा उमगलं. त्या लोकर ओट्यासाठी निवडतच नव्हत्या. त्या हळदीसाठी निवडत होत्या.

नवरा-नवरी बाजूला उभे होते. लग्न लावणारे काका घाई करत होते. आजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. उजवा डोळा मिटला, पाहिलं. डावा मिटला, पाहिलं. नातीनं ओठ दाबून धरले होते. मग आजींनी सगळ्या मांडवासमोर मला बोलावलं.

“तू सांग. पायरी कुठी हाये? तुले ठाऊक हाये जागा.”

मला ठाऊकच होती. मी मागाजवळ बसून ती धाग्या-धाग्यानं पाहिली होती. मी घोंगडीच्या कडेला गुडघे टेकले आणि शोधू लागलो. पारवा ओळखला, किंवा ओळखला असं वाटलं. तिथून पुढे मोजू लागलो आणि चुकलो. पुन्हा सुरू केलं. मागे कुणीतरी म्हणालं, “ह्या पाव्हन्याचं काय हरवलं?” घामानं चष्मा घसरत होता. शेवटी माझ्या तेव्हाच्या अकलेप्रमाणे मी एका जागी बोट ठेवलं आणि म्हणालो, “इथी.”

आजी वाकल्या, माझं बोट पाहिलं, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

“थो तिसरा हाये,” त्या म्हणाल्या. मग सरळ होत मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “बसवा पोरीले. पन आंधी ह्याले उठवा.”